फाटकावरचा रीडर

पिंगळी गावाच्या अलीकडे, रस्त्याला लागून असलेल्या बियाण्याच्या गोदामात मी कॉम्प्युटरवर बसतो. आमच्या फाटकावर आरएफआयडी रीडर बसला तेव्हा साहेबांनी नारळ फोडला. दोन खांबांवर दोन पांढऱ्या चपट्या पेट्या, वर एक लाल बत्ती. प्रत्येक गोणीच्या तोंडाशी चिठ्ठी शिवलेली, चिठ्ठीत बारीकशी चिप. गोणी आठ-दहा मीटरच्या टप्प्यात आली की तिचा नंबर माझ्या पडद्यावर. उचलायला नको, जवळ जायलाही नको. येईल त्याला साहेब हे कौतुकानं दाखवायचे, जणू पेट्या त्यांनी स्वतःच घडवल्या होत्या.

मला त्या यंत्राचा राग नव्हता. माणसं मोजून थकतात, ते थकत नाही. फक्त ते काय सांगतं आणि काय सांगत नाही, हे ऐकून घ्यायला साहेबांना फुरसत नव्हती. बसवायला आलेल्या इंजिनिअरनं सांगितलं होतं, टप्प्यात जे येईल ते वाचलं जाईल, पण ते कुणाच्या हातात आहे हे कळणार नाही. साहेब तेव्हा खांबाशेजारी उभं राहून फोटो काढून घेत होते.

आषाढ होता. पेरण्या उरकल्या होत्या आणि दुकानांतून न विकलेलं सोयाबीनचं बियाणं परत येत होतं. फुटक्या गोण्यांतला माल नव्या गोण्यांत भरायचं काम बायांच्या टोळीकडे होतं. एका संध्याकाळी सुटीच्या वेळेला भुरभुर लागली, म्हणून बायांनी ढिगातली रिकामी पोती घेतली, एक कोपरा आत दुमडून खोळी केल्या, डोक्यावर ओढल्या आणि घोळक्यानं फाटकातून निघाल्या. लाल बत्ती लागली. पडद्यावर आलं, एक गोणी बाहेर गेली.

फाटकात ट्रक नव्हता, बायाच होत्या. साहेब छत्री घेऊन धावत आले, घोळक्यावर नजर फिरवली आणि आमच्या बौद्ध वस्तीतल्या मावशीला तेवढं बाजूला घेतलं. तिचं आणि माझं घर समोरासमोर, तिला कामाला मीच लावलं होतं. तिचा डबा उघडला, पिशवी उलटी केली, वॉचमनच्या बायकोला बोलावून पदर झाडायला लावला. बाकीच्या बाया बघत उभ्या राहिल्या. काही निघालं नाही. तीस किलोची गोणी डब्यात निघणार तरी कशी, पण एवढा विचार करायला पावसात सवड कुणाला होती!

"उद्यापासून येऊ नको," साहेब म्हणाले. नवरा गेल्यापासून त्या घरातली चूल याच मजुरीवर पेटायची.

"म्या काय केलं, त्ये तरी सांगा," ती म्हणाली.

"मशीन खोटं बोलत नाही."

ते खरंच होतं. मशीन खोटं बोललंच नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी टोळी फाटकातून आत आली, मावशी तिच्यात नव्हती, आणि पडद्यावर तोच नंबर आत आल्याचं दिसलं. मी साहेबांना हाक मारली. बायांना फाटकापासून लांब पाठवून एकेकीला आत यायला सांगितलं. टोळीच्या मुकादमीणबाई आल्या आणि बत्ती लागली. त्यांच्या डोक्यावरच्या खोळीत, दुमडीच्या आत, चिठ्ठी शिवलेली तशीच होती. माल नव्या गोणीत गेला होता, चिठ्ठी जुन्या पोत्यालाच राहिली होती.

मुकादमीणबाईंनी कपाळावर हात मारला. "आगं बाई, म्या ह्ये डोस्क्यावर घेऊन फिरायले व्हय!"

साहेब खळखळून हसले, मग सगळेच हसले. त्यांचा डबा कुणी उघडला नाही, आणि उघडायला हवा होता असं मीही म्हणत नाही. साहेबांनी चहा मागवला, इंजिनिअरला फोन लावून किस्सा रंगवून सांगितला. मग मला म्हणाले, "तुमच्या त्या बाईला सांगा, उद्यापासून ये म्हणावं." मी चहा प्यायलो.

संध्याकाळी मी तिच्याकडे गेलो. ती सुपात जवारी निवडत बसली होती. चिठ्ठी, पोतं, खोळ, मी सगळं सांगितलं.

"मंग मशीनीनं माजं नाव घेतलं न्हवतं?"

"न्हाई मावशी. तिला नुसता गोणीचा नंबर कळतो. माणसं तिला समदी सारखीच."

"सायबाला न्हाईत का?"

मी विचारलं, "उद्या येतीस का?"

"झडती समद्यायसमोर घेतली. हिनं काई केलं न्हाई, आसं समद्यायसमोर सांगतेत का?"

मी तिथूनच साहेबांना फोन लावला आणि ती म्हणाली ते सांगितलं. त्यांचा आवाज मोठा, फोनबाहेर ऐकू येतो. "अहो, आता कशाला वाढवता? काम दिलं ना परत?"

तिनं ते ऐकलं. सुपातले खडे वेचून दाराबाहेर टाकले.

"उद्या खुरपायला जाते म्या," ती म्हणाली.

खुरपणी फार तर महिनाभर चालते. त्यानंतर सोयाबीनच्या काढणीपर्यंत तिच्या हाताला काम नव्हतं.