ओल्या सरीतला वाळका ऊस

ओल्या मातीत उभे असलेले पीक तहानेने का मरते? नोकरीभर मी हा प्रश्न मुलांना विचारत आले. ज्या दिवशी तो खरोखर मला विचारला गेला, त्या दिवशी माझे उत्तर चुकले. ते नेमके कोठे चुकले, हे शोधण्यासाठी मी हे टिपण लिहीत आहे.

मी कोल्हापुरातल्या एका हायस्कुलात विज्ञान शिकवत असे. आमचे वडिलोपार्जित रान हातकणंगले बाजूला होते आणि ते धाकटा भाऊ करत असे. दहावीनंतर तो शिकला नाही. पुस्तकातले काही अडले की तो मला फोन करी. त्या उन्हाळ्यातही त्याने केला.

"अक्का, उसाची पानं दुपारची गुंडाळाय लागल्यात. शेंडं बी करपल्यात. काय करू?"

"सरीत ओल आहे का?"

"हाय की. परवाच पाणी सोडलंय."

"मग ते पुरत नसेल. ऊन वाढलंय. पानांतून जेवढं पाणी उडून जातं, तेवढं मुळांनी ओढायला हवं. पाण्याची पाळी लवकर दे."

"तू म्हणतीस म्हंजे बरोबरच असंल."

मी सांगितले त्यात खोटे काहीच नव्हते. पानांच्या सूक्ष्म छिद्रांतून पाण्याची वाफ होते. त्या ओढीने जलवाहिन्यांतला पाण्याचा अखंड धागा मुळापासून शेंड्यापर्यंत वर खेचला जातो. पण तो धागा जिथे सुरू होतो, त्या टोकाचा मी विचारच केला नाही. मातीतले पाणी मुळात शिरू शकते आहे का, हे आधी पाहायला हवे होते. दरवर्षी वर्गात बटाट्याची फोड मिठाच्या पाण्यात ठेवून मी मुलांना दाखवत असे की तासाभरात ती लिबलिबीत होते. पाणी कमी क्षारांकडून जास्त क्षारांकडे जाते. माती मुळापेक्षा खारट झाली, तर मुळाला भोवतालचे पाणी घेता येत नाही. तो प्रयोग मला तोंडपाठ होता, पण फोनवर बोलताना तो आठवला नाही.

आमची जमीन काळी आणि भारी आहे. वर्षानुवर्षे पाट भरून पाणी दिल्याने तिच्या पोटातले पाणी वर वर येत गेले. येताना त्याने क्षार आणले. पाणी उन्हाने उडाले, क्षार मुळांपाशी राहिले. भावाने माझे ऐकून पाळ्या वाढवल्या आणि ते आणखी वर आले.

थंडीत ऊस तुटला तो बोटाएवढा बारीक. भावाने तो गावच्या गुऱ्हाळावर घातला. रविवार होता, म्हणून मीही गेले. गूळ करणाऱ्या म्हाताऱ्या गुळव्याने चरकाखालचा रस ओंजळीत घेऊन चाखला आणि बाजूला थुंकला.

"मालक, रस खारा हाय."

भाऊ हसला. "का, तूच मीठ टाकलंस काय?"

"म्या कशाला टाकू? तुमच्या रानानं टाकलंय."

तरीही त्याने रस कढवला. पाक पुन्हा पुन्हा पाण्यात टाकून पाहिला. त्याची गोळी होईना. शेवटी जे साच्यात ओतले ते गार होऊनही घट्ट झाले नाही. काळसर लगदा राहिला. भावाने त्यातले थोडे माझ्या तळहातावर ठेवले. आधी गोड लागले आणि मागाहून जिभेवर खारटपणा राहिला.

"अक्का, सांग की. मीठ उसात शिरलंच कसं?"

मी वर्गात सांगावे तसे सांगितले. खनिजे पाण्यात विरघळून मुळातून आत येतात आणि पाण्याबरोबरच वर चढतात. मूळ नको ते बरेचसे अडवते, पण सगळे अडवू शकत नाही. साखर पानांत तयार होते आणि रसवाहिन्या नावाच्या वेगळ्या नळ्यांतून कांड्यात उतरते. वरून आलेली साखर आणि खालून आलेले मीठ एकाच कांड्यात साठले होते.

त्याने नीट ऐकून घेतले. मग विचारले, "जादा पाणी दिलं, त्यानं मीठ कमी झालं का वाढलं?"

"वाढलं."

"मग तवा का न्हाय सांगितलंस?"

"मी माती पाहिली नव्हती," मी म्हणाले.

गुळव्या रस कढवायची कायल घासत राहिला.

पुढे माती तपासली. उपाय एकच निघाला: जमिनीखाली भोकांच्या नळ्या पुरून खारे पाणी ओढ्याला सोडायचे. पण ओढा आणि आमचे रान यांच्यामध्ये शेजाऱ्याचे रान होते. तेही खारवलेले होते आणि तिथे त्याने माशांचे तळे काढले होते. नळ्यांना वाट द्यायला तो तयार झाला नाही.

"तू बी तळं काढ की," तो भावाला म्हणाला. "मासं मिठाला भीत न्हाईत."

"आमी जैन मानसं. सूर्य मावळल्यावर जेवत न्हाई, आन् मासं इकू व्हय?"

"मग मीठ इक."

दोघेही हसले. वाट मात्र मिळाली नाही.

दुसऱ्या वर्षी ऊस उगवलाच नाही. तिसऱ्या वर्षी खतासाठी पेरलेला धैंचाही पांढऱ्या पापुद्र्याखाली कुजला. आता तिथे वेडी बाभळ आहे, आणि उन्हाळ्यात चालले की पायाखाली पापुद्रा चुरचुरतो. भाऊ इचलकरंजीत सुताच्या गोदामात पाळीने कामाला जातो. सणावाराला माझ्याकडे येतो, चहा घेतो, मुलाबाळांचे बोलतो. मला काही विचारत मात्र नाही.

म्हणून वाचकांना एक विनंती आहे. दोन कुंड्यांत चवळी लावा. रोपे चार पानांची झाली की एकीला साधे पाणी द्या आणि दुसरीला तांब्याभर पाण्यात दोन चमचे मीठ विरघळवून द्या. दोन्ही कुंड्यांतली माती ओली ठेवा. ज्या दिवशी दुसऱ्या रोपाची पाने माना टाकतील, त्या दिवशी तिथल्या मातीत बोट खुपसून पाहा. ज्यांचे रान आहे त्यांनी पाण्याची पाळी बदलण्याआधी माती तपासून घ्यावी. मी सांगते म्हणून यातले काही खरे मानू नका. स्वतः करून पाहा.