अक्काचं चिलखत

कापलेलं प्लॅस्टिक पुन्हा वाढत नाही. केस वाढतात, नखं वाढतात, परसातली मेंदी छाटली तरी जोमाने फुटते. प्लॅस्टिक जिथे कापलं तिथेच थांबतं आणि आपल्याकडे बघत राहतं. ही अक्कल मला पन्नाशी उलटल्यावर आली, आणि तीही धुळ्याच्या एका नाट्यगृहाच्या मागच्या खोलीत, भर वैशाखात, पंखा बंद असताना.

जळगावात मेहरूणकडे माझं नंबरप्लेट आणि रेडियमचं दुकान आहे. दिवसभर मी ॲक्रिलिक कापतो, त्यामुळे प्लॅस्टिकमधलं आपल्याला सगळं कळतं असा माझा समज होता. आमची अक्का, म्हणजे माझी थोरली बहीण, धुळ्याला असते. तिथल्या एका हौशी नाटक मंडळात ती कित्येक वर्षं आहे, पण रंगमंचावर ती कधी कुणाला दिसली नव्हती. आवाज खणखणीत, उंची मात्र आमच्या आईवर गेलेली. त्यामुळे शेजारणीची हाक, आकाशवाणी, पडद्यामागचं बाळंतिणीचं ओरडणं, असली कामं तिच्याकडे. मी नाटक बघायला गेलो की बायकोला कोपर मारून सांगायचो, "ही बघ अक्का!" आणि बायको म्हणायची, "कुठंय?"

या वर्षी स्पर्धेच्या नाटकात किल्लेदारणीचं काम करणारी बाई नवऱ्याच्या बदलीमुळे ऐनवेळी गेली. दिग्दर्शकांनी, त्यांना सगळे सर म्हणतात, अक्काला ते काम दिलं. दिलं म्हणजे अगदी हातात ठेवलं नाही, दाखवून ठेवलं. मंडळात फैजपूरहून आलेल्या एक शिक्षिका होत्या. उंच, ऐटदार, आणि प्रॉम्प्टिंग करून करून त्यांना सगळं नाटक पाठ. सर म्हणाले, "अक्का, चिलखत अंगावर बसलं तर काम तुमचं. नाही बसलं तर मॅडम करतील. चिलखताशिवाय तुम्ही उभ्या राहिलात, तर लोकांना वाटेल शेजारून साखर मागायला कुणी आलंय."

चिलखत आधीच्या उंच बाईंच्या मापाचं होतं. बादलीसारख्या जाड प्लॅस्टिकचं, वरून सोनेरी रंग. छातीचा एक भाग, पाठीचा एक, आणि दोन्ही जोडणारे पट्टे. अक्काने ते घातलं की तिची हनुवटी गळ्याच्या काठावर टेकायची आणि खालची कड मांडीला टोचायची. ती जराही खाली वाकू शकत नसे.

तिने मला फोन केला. मी म्हटलं, "पाठव. माझ्या हातचा मळ आहे तो."

एसटीच्या कंडक्टरच्या हाती चिलखत जळगावला आलं. मागोमाग तिचा फोन.

"पोटाकडून चार बोटं कमी कर, खांद्यावरून दोन. मी पेनानं खूण करून पाठवायला पाहिजे होती का?"

"अगं अक्का, चार बोटं म्हणजे चार बोटं. त्यात खूण काय करायची?"

आमच्या घरात सगळं बोटांनीच मोजतात. भातावरचं पाणी बोटांनी, परकराची पट्टी बोटांनी, दाराखालची फट बोटांनी. मी चिलखतावर आपली चार बोटं आडवी ठेवली आणि रेघ मारली. आता माझी बोटं म्हणजे, मी हात पुढे केला तर फैजपूरचा व्यापारी केळ्यांची फणी समजून भाव सांगेल. अक्काची बोटं बारीक, वातीसारखी. हे मी जन्मापासून बघत आलोय. त्या दिवशी मात्र मला ते दिसलं नाही.

शिवाय मी आयुष्यभर सपाट वस्तू कापलेल्या. गोलाईवर कटर घसरला आणि डावीकडे जास्त गेलं. म्हणून उजवीकडे थोडं काढलं. मग उजवं जास्त वाटलं. स्वतःचे कल्ले सारखे करताना माणूस जसा कानापर्यंत पोचतो, तसा मी पोचलो. कडा पॉलिश पेपरने घासल्या, त्यावर सोनेरी रेडियमची किनार लावली. चिलखत इतकं सुबक दिसत होतं की मी त्याचा फोटो काढून तीनचार गिऱ्हाइकांना दाखवला.

प्रयोगाच्या दिवशी मी ते मांडीवर घेऊन धुळ्याच्या एसटीत बसलो. शेजारच्या बाबांनी विचारलं, "भाऊ, लढाई कुठं?" मी म्हटलं, "धुळ्यात." म्हाताऱ्याने मान हलवली, "मंग लवकर जाय, ऊन व्हई जाई." सगळी गाडी हसली, मीही हसलो. तो माझा शेवटचा हसण्याचा प्रसंग.

दुपारी मागच्या खोलीत अक्काने चिलखत घातलं. ते बरगड्यांच्या वरच संपलं. खाली पोटावर नऊवारीचा केवढा तरी घोळ, वर गळा उघडा, आणि काखेत कड अशी घुसलेली की तिचे दोन्ही हात पंख सुकवणाऱ्या कोंबडीसारखे बाहेर. अक्का आरशात बघत राहिली. चिडली की ती अहिराणीवर येते.

"भाऊ, हाई काय करी टाकं तू? चार बोटं सांगेल व्हतात मी!"

"चारच कापली, अक्का."

"कोना? मना बोटं का तुना बोटं?"

तिने माझा पंजा पकडला, स्वतःच्या पंजाशेजारी टेबलावर ठेवला आणि त्याकडे बघत बसली. मारलं असतं तर बरं झालं असतं.

सर आत आले. त्यांनी बघितलं, डोळे मिटले. "मॅडमना घालून बघा," म्हणाले. मॅडमनी बिचाऱ्यांनी घातलं. त्यांच्या अंगावर ते चिलखत म्हणजे लहान बहिणीची चोळी. सर माझ्याकडे वळले. "वा! दोघींच्याही कामाचं ठेवलं नाहीत. आता चिलखत नाहीच, तर उंची तरी हवी. मॅडम, तुम्ही नेसून तयार राहा. अक्का, पडदा उघडेपर्यंत काही जमलं तर बघा, नाहीतर हाका मारायला विंगेत उभ्या राहा. त्या तुमच्याइतक्या छान कुणी मारत नाही."

त्यांना वाटलं असेल ते कौतुक आहे. अक्का खुर्चीत बसली आणि तिने डोळ्याला पदर लावला.

मी उन्हात धावलो. कापलेले तुकडे जळगावच्या कचऱ्यात होते. पंक्चरवाल्याकडून जुनी ट्यूब आणि सोल्युशन आणलं, इलेक्ट्रिकच्या दुकानातून टेप. पण जोडायचं काय? मग बघितलं, पाठीचा भाग अजून शिल्लक होता. तो मी उभा चिरला. अर्ध्याची पट्टी खाली पोटाला लावली, अर्ध्याची खांद्यावर. सोल्युशन वाळायला वेळ द्यायला हवा होता, पण तो होता कुणाकडे? मॅडमनी, ज्यांचं काम जाणार होतं त्यांनीच, दोन्ही तुकडे घट्ट दाबून धरले. म्हणाल्या, "भाऊ, टेप ओढून लावा, घाबरू नका." मी घाबरलो नव्हतो, मला फक्त टेपचं टोक सापडत नव्हतं.

पुढून चिलखत बसलं. खरोखर बसलं. मागे मात्र काहीच नव्हतं, नुसते ट्यूबचे आडवे पट्टे आणि काळा टेप. मी म्हटलं, "अक्का, बुरजाला पाठ करून उभी राहा. तिथून हलू नकोस."

सर म्हणाले, "ठीक आहे. पण मॅडम विंगेत नेसून उभ्या राहतील. काही सुटलं, तर अंधार करून मी बदली करीन."

पडदा उघडला. बुरूज कापडावर रंगवलेला, मध्ये झेंड्यासाठी फट. त्या कापडामागे मी उकिडवा. फटीतून मला फक्त अक्काची पाठ दिसत होती. घामाने ओला झालेला ब्लाउज आणि माझा टेप. आत उकाडा असा की रंगवलेल्या दगडांनाही घाम सुटलेला. अक्काचं बोलणं सुरू झालं आणि तिसऱ्याच वाक्याला टेपचं टोक उचललं. मग दुसरं. डावा पट्टा सुटून लोंबायला लागला. अक्काला ते कळलं असणार, कारण ती बोलता बोलता मागे सरकायला लागली. एक पाऊल, मग थांबून दोन वाक्यं, मग आणखी एक पाऊल. लोकांना वाटलं असेल, बाई विचारात पडली आहे.

ती कापडाला टेकली. बोलण्यातल्या जराशा थांब्यात ओठ न हलवता म्हणाली, "धरी ठेव."

मी फटीतून हात घातले आणि दोन्ही पट्टे बैलाचा कासरा धरावा तसे घट्ट धरले. मग ती जे बोलली ते मी कानांनी ऐकलंच नाही. पट्ट्यांतून आलं. ती श्वास घ्यायची तेव्हा माझे हात पुढे ओढले जायचे, वाक्य संपलं की ढिले पडायचे. मी मनात एकच म्हणत होतो, घाम येऊ नको रे हातांना, आता तरी येऊ नको. तो धो धो येत होता. कोपरापर्यंत मुंग्या आल्या. पुढे प्रेक्षकांत एकदम शांतता झाली. चांगली शांतता की वाईट, ते मागून काही कळेना.

प्रवेश संपला, अंधार झाला. सुटलेला पट्टा सरांना विंगेतून दिसला असणार, त्यांची कुजबुज आली, "मॅडम, जा, जा!"

मी अजून पट्टे धरून बसलो होतो. पुढचा दरबाराचा प्रवेश, त्यातही किल्लेदारीण चिलखतातच हवी. अक्काने हिसका दिला.

"सोड ना आता. पुढला प्रवेश मनाच शे."

"अक्का, ते गळून पडेल."

"मंग पडू दे."

मी सोडलं. चिलखत तिच्या अंगावरून निसटून फटीशी घसरलं, ते आवाज व्हायच्या आत मी मागे ओढून छातीशी धरलं. उजेड आला तेव्हा मॅडम विंगेच्या तोंडाशी थांबलेल्या होत्या, आणि त्यांच्यापुढे रंगमंचाच्या मधोमध अक्का उभी होती. साध्या नऊवारीत, पदर खोचून, एवढीशी. सरांनी कपाळाला हात लावला. मी बुरजामागे बसून राहिलो. चिलखत आतून ऊन ऊन होतं, भिजलेलं. अक्काने तोंड उघडलं, आणि बाहेर कुणी हसतंय का, याकडे मी कान लावला.