परत आणलेला कापूस

आदरणीय नसीमा शेख, म्हणजे आम्हा सगळ्यांच्या आपा, यंदा साठ वर्षांच्या होत आहेत. या गौरवग्रंथासाठी लिहाल का, असे संपादक मंडळाने विचारले तेव्हा मी आधी नाही म्हटले होते. आपांविषयी चार शब्द कमी पडले तर अन्याय होईल आणि चार जास्त पडले तर त्या स्वतःच रागावतील, या काळजीत मी बरेच दिवस काढले. शेवटी ठरवले, की समोर घडले तेवढेच लिहायचे. आपांनीही एवढीच अट घातली आहे : "माही चूक गाळशीन त लिहूच नको." ती चूक मी गाळलेली नाही.

आमची पहिली भेट दारव्ह्याला त्यांच्या कंपनीच्या शेडमध्ये झाली. दवाखान्यात जखम पुसायला जो पांढरा, गुंडाळलेला कापूस वापरतात तो ही कंपनी तयार करते. आपांचे सासरे पिंजारी. गाद्या-रजयांचा कापूस पिंजण्याचे त्यांचे घरचे काम होते, त्यातूनच आपांनी औषधी कापसाचा हा कारखाना उभा केला. मी बी.एस्सी. होऊन तपासणीच्या जागेसाठी गेले होते. शेडमध्ये कापसाच्या एका मोठ्या ढिगाभोवती बायका दाटीवाटीने बसून कवडी, म्हणजे किडका पिवळट कापूस, आणि पाला वेगळा काढत होत्या. मी त्यांच्यातल्या एकीला म्हटले, "मालकांना भेटायचं होतं."

सगळ्याजणी हसल्या. "मालक तुह्या समोरच बसून राह्यल्या, पोरी," एक जण म्हणाली.

मी घाईघाईने माफी मागितली. आपांनी उठायची तसदी घेतली नाही. मूठभर कापूस माझ्या हातात दिला आणि यात काय दिसते ते सांग म्हणाल्या. मी तो उजेडाकडे धरून बराच वेळ पाहिला. कवडीचा एक तुकडा, पानाचा चुरा आणि एक केस. केस कदाचित माझाच असेल, असेही मी सांगून टाकले.

"असं पाहाले कोणत्या शाळेत शिकली?"

"शाळेच्या आधी घरीच. बाबांनी ओसरीवर अक्षरं शिकवली, आणि तिथेच कापूस निवडायलाही."

"मंग उद्यापासून ये. पण इतकी भेऊ नको. कापूस चावत नाही."

आपांच्या शेडमध्ये प्लास्टिकला बंदी होती आणि आहे. बायका सुती चादरीवर बसतात, केस सुती फडक्याने बांधतात, कापसाची गाठोडीसुद्धा लुगड्याच्या पट्टीने बांधतात. कारण साधे आहे. मोठ्या टाकीत उकळताना कापसाचा मळ आणि तेलकटपणा निघून जातो, प्लास्टिकचा धागा मात्र तसाच राहतो. पुढे पिंजण्याच्या यंत्रात त्याचे बारीक बारीक तुकडे होतात आणि मग ते कोणाच्या हाती लागत नाहीत.

साथ आली त्या वर्षी आपल्या जिल्ह्यात काय परिस्थिती होती ते वाचकांना ठाऊक आहे. बोंडअळीतून वाचलेला कापूस घरात आला आणि खरेदी बंद पडली. खोल्या छतापर्यंत भरल्या. साठलेल्या कापसाने अंगाला खाज सुटायची, तरी माणसे त्याच्यावरच निजायची, कारण दुसरी जागाच नव्हती. दारव्ह्याचा बाजार बंद, जीपा बंद. अनेकांनी कारखान्याला कुलूप लावा म्हणून आपांना सांगितले. पण तालुक्यातालुक्याच्या रुग्णालयांतून कापसासाठी फोन येत होते. आपांनी परवानगी काढून आणली. कापूस त्यांनी आसपासच्या शेतकऱ्यांच्या घरूनच उचलला.

प्रश्न राहिला ढिगाभोवती बसणाऱ्या बायकांचा. एकीला खोकला झाला तर सगळ्यांना होणार. आपांनी ठरवले, की कापूस बायकांच्या घरी पाठवायचा. प्रत्येकीने आपापल्या घरी निवडावा आणि गाठोडे बांधून परत द्यावे. कोणी घराबाहेर पडायला नको, कोणाचा रोज बुडायला नको. गावाने कौतुक केले. आम्हालाही यात खोट दिसली नाही.

त्या कापसाची पहिली गाडी घाटंजीच्या रुग्णालयात पोचली, त्याच दिवशी मागे ठेवलेले नमुन्याचे बंडल मी खिडकीशी उलगडले. त्यात निळे कण दिसले. सुईने काढून पाहिले, तर प्लास्टिकचे धागे. कोणीतरी घरी ताडपत्रीवर कापूस निवडला होता. घरात सुती चादर असली तर ती अंगावर घेणार की कापसाखाली घालणार? हे आमच्यापैकी कोणाच्याच ध्यानात आले नव्हते.

मी बंडल आपांच्या टेबलावर नेऊन ठेवले. व्यवस्थापक गजाननराव तिथेच होते. ते भले गृहस्थ आहेत आणि त्यांची काळजीही खोटी नव्हती. "आपा, माल उकळलेला हाये, त्यात जंतू राह्यत नाही. आता परत आनला त दवाखाना पुन्हा आपल्याकडून घेनार नाही. अन् दवाखाना गेला त या बायांचं काम गेलं."

आपांनी एक निळा धागा बोटावर घेतला. "अन् हा एखाद्या बाळंतिनीच्या टाक्यात राह्यला त?"

शेडमध्ये निवडलेल्या जुन्या मालातली उरलेली बंडले गाडीत टाकून आपा निघाल्या. मलाही सोबत घेतले. रस्त्यात नाक्यावर पोलिसांनी दोनदा अडवले. दोन्ही बाजूंच्या शेतांत न काढलेल्या पऱ्हाट्या, म्हणजे कापसाची झाडे, वाळून उभ्या होत्या. माझ्या मनात एकच येत होते, की आपण पोचायच्या आत एखादे बंडल उघडले तर गेले नसेल ना. ते मी बोलून दाखवले तेव्हा आपा म्हणाल्या, "तू भेते म्हणून त तुले ठेवलं. न भेणारे माह्याकडं लय हायेत."

सुदैवाने बंडले अजून कोठीतच होती. रुग्णालयाचे डॉक्टर फाटकाशीच भेटले. ते भयंकर चिडले, आणि त्यांनी का चिडू नये?

"मॅडम, नाव पाहून माल घेतला तुमचा. आता परत न्यायला आलात? साथ असली म्हणून बाळंतपणं थांबतात का?"

"थांबत नाही, म्हणूनच मी सोता आली. चूक माही हाये. कापूस लोकायच्या घरी मी धाडला."

"आणि तोवर मी काय वापरू?"

आपांनी आणलेली बंडले पुढे केली. ती थोडी होती. मग त्यांनी दुसऱ्या एका कारखान्याचे नाव सांगितले. बाजारात आमच्याशी सगळ्यात जास्त चुरस करणारा तो कारखाना! "माह्यानं वेळेत नाही झालं त त्यायच्याकडून घ्या. माल चांगला असते त्यायचा." डॉक्टर कोठी उघडायला सांगून आत गेले.

आम्ही माल घेऊन परतलो तर इकडे दुसरेच सुरू झालेले. गावात दोन-तीन घरी ताप आला होता आणि तो कंपनीच्या गाठोड्यांतून आला, असे लोक बोलू लागले होते. ताडपत्री कोणाची, हे शोधून काढावे असे गजाननरावांचे म्हणणे होते. शोधणे अवघडही नव्हते. प्रत्येक बाई आपल्या जुन्या लुगड्याच्या पट्टीने गाठोडे बांधायची, आणि ज्या पट्टीत निळे धागे अडकले असतील ती ओळखायला गावात वेळ लागला नसता. एकदा नाव फुटले असते, की त्या घरावर गावाने बहिष्कारच टाकला असता. त्या दिवसांत अशी घरे आम्ही पाहिली होती. ना दूध, ना पाणी, ना बोलणे.

आपांनी सगळ्या पट्ट्या गोळा केल्या आणि आमच्या देखत भट्टीत टाकल्या. "गठुडं कोणाचं, हे कोणी इचारायचं नाही," एवढेच त्या बोलल्या.

दुसऱ्या दिवसापासून निवडणी पुन्हा कारखान्यात आली, पण शेडमध्ये नाही, बाहेरच्या मोकळ्या पटांगणात. एक मोठा ढीग मोडून प्रत्येकीचा वेगळा ढीग केला, सुती चादर वेगळी, मध्ये बैलगाडी फिरेल एवढी जागा. बायकांना ते मुळीच आवडले नाही. "आपा, इतक्या दुरून मी हिले चुगली कशी सांगू?" एकीने ओरडून विचारले.

"जोऱ्यानं सांग. मलेही आयकू येईन!"

तोंडाला बांधलेल्या फडक्यांआडून हसू उमटले. त्यांच्यात कमलाबाई मात्र मान खाली घालून बसल्या होत्या.

नवा माल उकळून, पिंजून माझ्यापुढे आला. नीट धुतलेला कापूस पाण्यात सोडला की पटकन बुडतो. तो तरंगला, तर अजून तेलकट आहे असे समजायचे. नमुना पाण्यात सोडताना मला बघवत नव्हते. तो बुडाला. मग उजेडात एकेक थर उलगडून निळे शोधले. नव्हते. तरी पुन्हा शोधले. आपा दारात उभ्या राहून वाट पाहत होत्या, पण घाई कर असे एकदाही म्हणाल्या नाहीत. घाटंजीच्या डॉक्टरांनी माल ठेवून घेतला, मात्र स्वतः प्रत्येक बंडल उघडून. आजही ते तसेच करतात, आणि आपांना ते पटते.

माल घेतल्याचे सांगायला आपा पटांगणात आल्या, तेव्हा कमलाबाई चादरीवरून उठल्या. सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "आपा, ते गठुडं माह्यं होतं. पोरगं तापलं होतं, चादर त्याच्या अंगावर घातली. ताडपत्रीवर बसून कापूस निवडला म्या."

आपा त्यांच्या ढिगापाशी गेल्या.

"म्या इचारलं होतं काय तुले?"

"नाही."

"मंग कायले सांगून राह्यली?"

"तुम्ही इचारलं नाही, म्हणूनच त सांगून राह्यली."

आपांनी क्षणभर मान वळवली. मग विचारले, "पोरगं कसं हाये?"

"खेळून राह्यलं."

"मंग बस. निवड कापूस."

कोणीही उठून दुसरीकडे गेले नाही. शेजारच्या ढिगावरच्या बाईने आपली पाण्याची कळशी कमलाबाईंकडे सरकवली.

आपांच्या नेतृत्वाविषयी बरेच लिहिता येईल. मला लिहायचे होते ते हे. कामावरच्या प्रत्येक बाईची छाती वर्षातून एकदा तपासून घ्यायचा नियम त्यांनी साथीनंतर केला. स्वतःची तपासणी मात्र त्या दर वर्षी पुढे ढकलतात, आणि कापसाच्या धुळीने त्यांना येणारा खोकला अलीकडे मला माझ्या खोलीपर्यंत ऐकू येतो. गौरवलेखात अशी भीती लिहू नये हे मला कळते, पण ती लपवून शुभेच्छा देणे मला जमणार नाही. आपांना उदंड आयुष्य मिळो, त्यांचा श्वास मोकळा राहो आणि त्यांची पंच्याहत्तरी याच पटांगणात बघायचे भाग्य आम्हाला लाभो. आणि आपा, हा ग्रंथ हाती घ्याल त्याच आठवड्यात छाती तपासून या. डॉक्टरांनी काय सांगितले, ते मी विचारणार आहे.