एका पत्त्यावरची चोवीस माणसं

नार्वेकर काका सभेत कधी बसत नसत. दाराजवळच्या भिंतीला पाठ टेकून, हाताची घडी घालून दोन-दोन तास उभे राहत. कुणी खुर्ची पुढे केली तर म्हणत, "नको रे बाबा. बसलेला माणूस लवकर हो म्हणतो. त्याला उठायची घाई असते." सिंगापुरातल्या आमच्या मराठी मंडळाच्या बावीस सभांना मी त्यांच्याबरोबर होतो. एकाही सभेत ते बसलेले मला आठवत नाहीत.

ते मूळचे वेंगुर्ल्याचे. तरुणपणी इथल्या जहाजदुरुस्तीच्या गोदीत वेल्डिंगचे काम करायला आले आणि सुपरवायझर होऊन निवृत्त झाले. वुडलँड्सला तीन खोल्यांचा फ्लॅट. बायको गेलेली, मुलगी मेलबर्नला. मंडळाचे शहरभर पाच विभाग होते आणि प्रत्येक विभाग आपले दोन प्रतिनिधी निवडून देई. वुडलँड्सच्या दोघांपैकी एक नेहमी नार्वेकर काका. दुसरा बदलत राही.

विभाग प्रतिनिधीचे काम घटनेत एका ओळीत लिहिले आहे : सभासदांशी संपर्क ठेवणे. काकांनी त्या ओळीचा फार मोठा अर्थ लावला होता. वुडलँड्सला भाडी कमी, म्हणून नव्याने आलेली पुण्या-मुंबईची कुटुंबे तिकडे राहतात. त्यांचा इथे राहायचा पास नोकरीला बांधलेला. एकदा एका इंजिनियरची नोकरी गेली आणि महिन्याभरात देश सोडायची वेळ आली. दुसऱ्या दिवशी सकाळी काका रिकामी खोकी आणि चिकटपट्टी घेऊन त्याच्या दारात हजर. त्याची बायको डोळे पुसत होती. तिला म्हणाले, "मुली, रडायचं ते विमानात. तिथं सहा तास दुसरं काम नसतं. आता भांडी आण." हे मला त्या इंजिनियरनेच फोनवर सांगितले, सांगताना तो हसत होता.

मी बुकित पंजांगला राहतो. मंडळाचा सहचिटणीस म्हणून सभासदांची यादी माझ्याकडे असते. व्यवसायाने मी अकाउंटंट आहे आणि याद्या मला आवडतात. दोन वर्षांपूर्वी आमच्या अध्यक्षा मेधाताई मला म्हणाल्या, "वुडलँड्सचे एकसष्ट सभासद दोन प्रतिनिधी देतात आणि पूर्वेकडचे एकशे बारा सभासदही दोनच. हे न्यायाचं नाही." आकडे बरोबर होते. मी नवा नकाशा काढून दिला. पाचाचे चार विभाग, वुडलँड्स आमच्या बुकित पंजांगला जोडायचे. आमची संख्या जास्त, म्हणजे दोन्ही प्रतिनिधी बहुधा आमच्याकडचेच होणार. हे मला दिसत होते. पण नकाशा समान होता आणि मला तेवढे पुरेसे वाटले.

घटनादुरुस्तीला दोनतृतीयांश मते लागतात, म्हणून मतदानाआधी मी यादी तपासायला घेतली. तेव्हा दिसले की वुडलँड्सच्या एकसष्टांपैकी चोवीस जणांचा पत्ता एकच आहे : नार्वेकर काकांचा फ्लॅट.

मी काकांना फोन केला. "काका, तुमच्या तीन खोल्यांत चोवीस माणसं राहतात?"

"राहत नाहीत. पण तिथं सापडतात."

"म्हणजे?"

"अरे, दर दोन वर्षांनी घरमालक भाडं वाढवतो, ही पोरं घर बदलतात. मंडळाची पत्रं जुन्या दारात पडून राहतात. मी म्हटलं, माझा पत्ता द्या, मी काही हलत नाही. शनिवारी पिशवी घेऊन वाटून येतो. चालणंही होतं."

मी म्हटले, यादीत राहण्याचा पत्ता मागितलेला आहे. न राहणाऱ्या घराचा पत्ता देणे ही खोटी नोंद होते.  काका म्हणाले, "तू सभेला ये. तिथं बोलू." मी ती चोवीस नावे यादीतून कमी केली.

सभेला काकांनी वुडलँड्सचा एकूण एक माणूस आणला होता. चोवीस जणांना मी दारात मतपत्रिका नाकारल्या. ते मागच्या दोन रांगांत जाऊन बसले. काका भिंतीपाशी उभे राहून बोलले. "याचे आकडे खरे आहेत. हा माणूस आकड्यात लबाडी करत नाही. पण वुडलँड्समध्ये कुणाच्या घरी काय झालं, हे बुकित पंजांगच्या माणसाला कसं कळणार? तुमची ती खेळण्यातली एलआरटी रेल्वे तुमच्याच इमारतींभोवती गोल फिरते. आमच्याकडे यायला ती रूळ सोडणार आहे काय?" सभागृह हसले. मीही हसलो.

मग मी उठून चोवीस नावांबद्दल सांगितले. पुढच्या रांगेतून कुणीतरी म्हणाले, "तीन खोल्यांत चोवीस! काका, पलंग कसे लावलेत?" यावर जास्त हशा झाला. मागून एक बाई उभ्या राहिल्या. "अहो, आम्ही खरे आहोत हो. इथेच बसलोय." मी म्हटले, "प्रश्न खऱ्याखोट्याचा नाही, पत्त्याचा आहे."

काका चिडले की मालवणीवर येत. "घराक नंबर आसता, माणसांक नाव आसता," ते म्हणाले. "नावं वाचून दाखव. चोवीसच्या चोवीस वाच." मी म्हटले, नियमाने त्याची गरज नाही. आणि वाचली नाहीत.

एकशे एकाहत्तर मते पडली. ठरावाच्या बाजूने एकशे अठरा, विरोधात त्रेपन्न. एकशे चौदा लागत होती. ठराव मंजूर झाला.

तीन महिन्यांनी मी सभासदांचे जुने कागदी अर्ज स्कॅन करायला काढले. अर्जातला चौथा प्रश्न असा होता : मंडळाची पत्रे कोणत्या पत्त्यावर पाठवावीत? घटना उघडून पाहिली. विभागही याच पत्त्यावरून ठरतो. 'राहण्याचा पत्ता' हे शब्द कुठेच नव्हते. आठ वर्षांपूर्वी यादी संगणकावर घेताना त्या रकान्याला ते शीर्षक मीच दिले होते. चोवीस जणांनी विचारलेल्या प्रश्नाचे खरे उत्तर दिले होते. त्यांची मते विरोधात धरली तर एकूण एकशे पंच्याण्णव होतात आणि मंजुरीला एकशे तीस लागतात. ठराव बारा मतांनी पडला असता.

मी घरात हे सांगितले. माझी मुलगी मोबाइलमधून मान वर न करता तिच्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणाली, "सो यू सॉरी हिम लाह, पप्पा." मला वाईट वाटले असे लिहायला हवे. खरे म्हणजे काहीच वाटले नाही. मी बेरीज पुन्हा करून पाहिली.

शनिवारी वुडलँड्सला गेलो. काका ब्लॉकखालच्या हॉकर सेंटरमध्ये, खाण्याच्या टपऱ्यांपाशी, कोपी म्हणजे इथली दाट कॉफी पीत बसले होते. मी कागद पुढे ठेवले. त्यांनी चष्मा काढून नीट वाचले.

"मग? मला कशाला दाखवतोस? मला हे ठाऊकच होतं."

"काका, चूक माझी आहे."

"हो, तुझीच. सभेत सांग. जितक्या लोकांपुढे खोटं ठरवलंस, तितक्यांपुढे खरं कर." मग माझ्यासाठी कोपी मागवली. "साखर कमी घालायला सांगू? तुमच्याकडे सगळ्यांना डायबेटिस."

मेधाताई म्हणाल्या, "अहो, झालं ते झालं. पण तुम्हाला हवंच असेल तर वार्षिक सभेत फेरमतदानाची सूचना मांडा. एक अनुमोदक लागेल." काकांना कळवले. ते म्हणाले, "चोवीस अनुमोदक आणतो. तू फक्त त्यांना बोलाव. रीतसर, पत्राने." मी चोवीसही नावे यादीत परत घेतली. लेबले छापली, चोवीस पाकिटांवर एकच पत्ता चिकटवला आणि मंगळवारी पोस्टात टाकली. लेबले सरळ लागली आहेत ना, एवढे पाहिले होते.

शुक्रवारी दुपारी काका गेले. बसस्टॉपवर छातीत दुखले, रुग्णालयात पोचेपर्यंत संपले होते.

रविवारी दहन झाले. काकांची मुलगी मेलबर्नहून आली होती. वुडलँड्सची माणसे मुलाबाळांसह आली होती. आता मला त्यांची नावे पाठ होती. मी एका बाजूला उभा राहून मोजत होतो. चोवीसही होते. सभेत उभ्या राहिलेल्या बाई माझ्याशेजारी येऊन म्हणाल्या, "तुम्ही आलात, बरं वाटलं." मी मान हलवली. सभेची तारीख सांगावी असे ओठांवर आले होते. पण इथे मंडळाचा विषय नको असे वाटले. शिवाय पत्रे गेलीच होती.

काकांची मुलगी फ्लॅटला कुलूप लावून बुधवारी परत गेली.

वार्षिक सभेला शेहेचाळीस माणसे होती. मी माझी चूक वाचून दाखवली आणि मग चोवीस नावे एकेक करून वाचली. प्रत्येक नावानंतर मान वर करून पाहत होतो. सातव्या-आठव्या नावाला माझ्या लक्षात आले की पत्रे त्या कुलपामागे पडली असणार. वाटणारा माणूस नव्हता. वुडलँड्सच्या बाकीच्यांना फोन करून आणणाराही तोच होता. मी उरलेली नावे वाचली.

"अनुमोदन?" मेधाताईंनी विचारले. त्यांनी घाई केली नाही, पुरेसे थांबल्या. पुढच्या रांगेत कुणीतरी घड्याळ पाहिले.

इतिवृत्त लिहायचे काम माझेच होते. मी लिहिले : सूचनेस अनुमोदक मिळाला नाही, विषय बंद. पुढचा विषय दिवाळीच्या हॉलचा होता. त्यावर अकरा जण बोलले.