माझ्यासोबत बसलेली बाई
शेजारी कुणाला तरी डेंग्यू झालाय आणि प्लेटलेट्स वाढाव्यात म्हणून वाटलेल्या पपईच्या पानांचा कडवट वास सकाळपासून माझ्या खिडकीतून येतोय. त्या वासानं मला हॉस्पिटलात भेटलेली शिरोळची बाई आठवली. बायको गेल्यावर मंगळवार पेठेतल्या घरात मी एकटाच उरलो होतो. रक्तदाब काही केल्या उतरेना म्हणून तपासण्या झाल्या. रिपोर्ट हातात घेऊन डॉक्टरांनी विचारलं, "सोबत कोण आहे?" मी शेजारच्या रिकाम्या खुर्चीकडे पाहिलं. नवऱ्याच्या डायलिसिसला आलेली ती बाई दाराशीच उभी होती. "ह्या पावण्यांसंगं मी हाय की, सांगा," म्हणत ती माझ्या शेजारी येऊन बसली. डॉक्टर म्हणाले, किडनीकडे जाणारी रक्तवाहिनी अरुंद झालीय, रक्त कमी पोचतंय, त्यात प्लेटलेट्स किडनीत गोळा होऊन इजा वाढवतायत. "पर त्या चांगल्या असत्यात न्हवं? डेंगूत पोरीच्या कमी झालत्या, तर आमचा जीव टांगणीला लागलता," ती म्हणाली. "जखम असली की चांगल्याच," डॉक्टर म्हणाले, "पण इथं जखम नसताना त्या चिकटतात, सूज आणतात." गोळ्या कधी घ्यायच्या, मीठ किती खायचं, सगळं तिनंच विचारून घेतलं. बाहेर आल्यावर मी आमच्यासाठी चहा आणायला गेलो, परतलो तोवर ती नवऱ्याला घेऊन निघून गेली होती. परवाच्या तपासणीत कळलं, किडनी टिकून आहे. हे सांगावं असं एकच माणूस आठवलं, आणि तिचं नावसुद्धा मला ठाऊक नाही.