‘बाहेर बसा’चा निरोप

आमच्या मागच्या अंगणाची भिंत आणि आखाड्याच्या खोलीची भिंत एकच. या बाजूला मी भांडी घासायची, त्या बाजूला आट्यापाट्यांचा संघ खेळून आला की पाय चोळत बसायचा. भिंतीत वर हवेसाठी जाळी होती. तिच्यातून सगळं बोलणं आमच्या अंगणात यायचं. त्या खोलीत मी कधी पाऊल टाकलं नाही, पण कोण रागावला की गप्प बसतो आणि कोण गप्प बसला की रडकुंडीला आलेला असतो, हे मला आवाजावरून कळायचं.

त्या संघात आमच्या घरचे दोघे. हे त्या वर्षी कप्तान झाले होते. आणि यांचे थोरले बंधू, आमचे मोठे भाऊजी, कित्येक वर्षं शेवटची पाटी धरून होते. मैदानावर आडव्या पाट्या आखलेल्या असतात, प्रत्येक पाटीवर एकेक जण अडवायला उभा. समोरचे हुलकावण्या देत एकेक पाटी पार करत येतात. शेवटची पाटी ओलांडली गेली की मागे अडवायला कोणी नाही. भाऊजींची चाळिशी उलटली होती आणि एक गुडघा कुरकुरत होता. जिना उतरताना ते कठड्याला धरायचे आणि कोणी पाहिलं की कठड्याची धूळ झटकल्यासारखं करायचे.

पण त्या खोलीत त्यांनी एक रीत पाडली होती. ज्याच्या चुकीनं डाव गेला त्यानं गुळाची ढेप फोडायची, प्रत्येकाला आपल्या हातानं खडा द्यायचा आणि स्वतः सगळ्यांच्या शेवटी घ्यायचा. गूळ तोंडात गेला की त्या चुकीचं नाव काढायचं नाही.

“फोड बाबा, आज तुझी दिवाळी,” भाऊजी म्हणायचे.

“दादा, माझा पाय घसरला हो. माती ओली होती.”

“मग मातीला पण एक खडा दे.”

सगळे हसायचे, चुकणाराही हसायचा. कुलकर्णी असो, मराठा असो की पलीकडच्या गल्लीतला गुजराती मुलगा असो, भाऊजी सगळ्यांना सारखेच टोमणे मारायचे, म्हणून कोणाला ते लागायचे नाहीत.

त्या वर्षी संघात एक नवा आला. कॉलेजात शिकणारा, उंच, गुजराती. धावायला लागला की म्हणे हात नुसते पंख्यासारखे पसरायचा. पुण्याचा संघ सामन्याला येणार होता आणि शेवटची पाटी त्या उंचाला द्यायला हवी हे सगळ्यांना दिसत होतं. भाऊजींनाही दिसत असणार. पण त्यांना ते सांगायचं कोणी?

एके दिवशी सकाळी हे कचेरीला निघताना पगडी हातात घेऊन माझ्याजवळ येऊन उभे राहिले.

“अगं, वहिनींना म्हण, दादांना सांगा, यंदा तुम्ही बाहेर बसा. खेळू दे त्या उंचाला. पण खोलीत तुम्ही हवेतच. तुम्ही खोलीत नसाल तर आमचं काही खरं नाही.”

“तुम्हीच सांगा ना.”

“मी? पाटीवर पाय कसा ठेवायचा हे त्यांनी शिकवलं मला. कुठल्या तोंडानं सांगू?”

मी तर भाऊजींशी बोलतच नव्हते. थोरल्या दिरापुढे तोंड उघडायची आमच्याकडे पद्धत नाही. म्हणून मी जाऊबाईंकडे गेले. त्या दळत होत्या. मी सांगायला लागले आणि ‘यंदा बाहेर बसा’ एवढं ऐकल्याबरोबर जातं थांबलं.

“बाहेर बसा? बाहेर बसायला ते काय बायकामाणूस आहेत?”

आम्हा बायकांच्या बोलण्यात बाहेर बसणं म्हणजे काय, ते सांगायला नको. मला हसू आलं नि घाईघाईनं मी पुढचं, खोलीचं, सगळं सांगितलं. तोवर त्यांनी रागानं जातं पुन्हा फिरवायला घेतलं होतं. घरघर मोठी होती, पण त्या मान हलवत होत्या. मला वाटलं, पोचलं.

त्या संध्याकाळी भाऊजी आखाड्यात गेले नाहीत. दुसऱ्या दिवशीही नाहीत. झोपाळ्यावर बसायचे, आणि हे कचेरीतून यायच्या आत जेवून घ्यायचे. एरवी दोघे भाऊ एका पंगतीत जेवायचे, एकमेकांच्या ताटातल्या मिरच्या पळवायचे. आता मी दोनदा ताटं मांडत होते आणि कोणी कोणाचं नाव काढत नव्हतं. यांना वाटलं, एवढा मान दिला तरी दादा रुसले. ते बोलले मात्र नाहीत. भाऊजीही बोलले नाहीत. मला उगाचच या खोलीतून त्या खोलीत जावंसं वाटायचं. गेले की कशाला आले ते आठवायचं नाही.

भिंतीपलीकडे तर रोज नवं काही फुटत होतं.

“तू आपली पाटी सोडून माझ्याकडे कशाला पाहत होतास?”

“तू झोपला होतास म्हणून.”

“अने मारे शुं करवानुं? पाछळ एकलो ऊभो रहुं?” हा उंच; मागे एकटाच उभा राहू का, म्हणून विचारत होता.

“मग ओरड की मागून! दादा ओरडायचे.”

“हुं दादा नथी!”

कोणीतरी लोटा लाथाडला, तो गडगडत आमच्या भिंतीला येऊन आपटला. हे जन्मात कधी ओरडले नव्हते, ते ओरडत होते. गूळ फोडल्याचा ठोका कित्येक दिवसांत ऐकू आला नव्हता. फोडणार कोण? जो तो चूक दुसऱ्याची म्हणत होता. आणि मग एके संध्याकाळी तो उंच म्हणाला, मी उद्यापासून येणार नाही. यांचा आवाज आला, अगदी दमलेला:

“दादांना खोलीत या म्हणून निरोप धाडला, तो त्यांना कमीपणाचा वाटला. आता तू निघालास. जा.”

माझ्या हातात तांब्या तसाच राहिला. निरोप मिळूनही रुसलेल्या माणसाचा चेहरा मी ओळखते. झोपाळ्यावरचा चेहरा तसा नव्हता. तो चेहरा घराबाहेर काढलेल्या माणसाचा होता.

मी राखेच्या हातांनीच जाऊबाईंकडे गेले.

“जाऊबाई, खोलीचं सांगितलंत ना भाऊजींना?”

“कसली खोली? बाहेर बसा म्हणालीस, तेच सांगितलं.”

“पुढे म्हणाले होते ना, तुमच्याशिवाय चालायचं नाही म्हणून!”

त्या चुलीपुढे बसल्या होत्या, तिथेच फुंकणी खाली ठेवली. “त्या ‘बाहेर बसा’नंच माझं डोकं फिरलं गं. पुढचं कानातच नाही शिरलं.”

“मग आता सांगा.”

“आता? आता म्हणतील, दोघी जावांनी बसून गोड बनवून आणलं. तू सांग. तुझ्याकडे दिलेला निरोप.”

यांना सांगितलं, तर यांनी कपाळाला हात लावला. “आता जाऊन काय म्हणू? दादा, तुम्हाला पूर्ण नव्हतं काढलं, अर्धंच काढलं होतं?”

सामना अगदी जवळ आला होता. दुसऱ्या दिवशी मी सकाळपासून येरझारा घालत होते. आमटीत दोनदा मीठ पडलं, ती कोणालाच खाता आली नाही. दुपारी भाऊजी एकटेच झोपाळ्यावर होते. मी पदर डोक्यावरून पुढे ओढला, मुलीला कडेवर घेतलं आणि दाराआड उभी राहिले. मुलगी तेव्हा बोलायलाही लागली नव्हती.

“बाळ,” मी म्हटलं, आणि माझाच आवाज मला ओळखू येईना, “काकांना सांग, बाबांचा निरोप अर्धाच आला. खेळायला नको म्हणाले, पण खोलीत काका नसतील तर संघ राहायचा नाही असंही म्हणाले होते. आणि राहिला नाहीच आहे.”

बाळ माझी बांगडी चावत होती. झोपाळ्याच्या कड्या वाजायच्या थांबल्या.

“बाळ, आईला विचार, हे आज का कळतंय?”

“सांग, निरोप जात्यापाशी अडकला.”

आतून जाऊबाई म्हणाल्या, “मी ऐकतेय हं!”

“बाळ, काकूला सांग, हे तेव्हा करायला हवं होतं.”

झोपाळा पुन्हा हलायला लागला. ‘हो’ही नाही की ‘नाही’ही नाही. मी आत आले. मला बसवेना.

संध्याकाळी मी भिंतीशी इतकी भांडी घेऊन बसले की त्यातली निम्मी घासलेलीच होती. पलीकडे धुसफूस चालली होती. उंच आला होता, बहुधा सामान न्यायला. मग दार करकरलं, आणि एक पाय जरा ओढत टाकल्याचा आवाज आला.

“काय रे,” भाऊजी म्हणाले, “मला बाहेर बसवलंत, ते ठीक. पण बाहेर बसलेल्याला चौथ्या दिवशी न्हाऊन घरात घेतात, एवढंही तुमच्या आयांनी शिकवलं नाही?”

पलीकडे असा हशा उठला की मी एकटी असूनही लाजून तोंडाला पदर लावला. यांचं हसणं सगळ्यांत शेवटी थांबलं, आणि थांबताना ते हसणं राहिलं नव्हतं.

“गूळ आणा. आज मी फोडणार.”

“तुम्ही कशाला, दादा?”

“अर्धा निरोप ऐकून घरी बसलो. पाटी सोडून पळालो म्हणजे चूक नाही तर काय?”

ठोका ऐकू आला. मग उंचाचा आवाज, हळू: “मोटाभाई, पहेलो मने आपो.”

“तुला पहिला का?”

“मारे पण फोडवानो छे. बाकी छे.”

“मग तुझा राहिलेला उद्या फोड. आज माझी पाळी.”

सामन्याला आम्ही बायका शेजारच्या गच्चीवर बसलो होतो. लांबून नुसती धोतरं आणि धूळ दिसत होती. भाऊजींनी रेषेबाहेरून एकदा काही ओरडून सांगितलं, तर पंचांनी येऊन बजावलं की बाहेरच्यानं बोलायचं नाही. ते खाली बसले. सगळा सामना ते तोंडावर उपरणं धरून बसले होते. डाव संपला की आमचे सगळे धावत त्यांच्याकडेच जायचे, घोळका व्हायचा, मग परत. मी यांना नंतर विचारलं, काय सांगायचे? हे म्हणाले, “काही नाही. पाणी द्यायचे आणि उंचाला म्हणायचे, तुझी आई आज काय रांधणार आहे?”

आमचा संघ हरला. थोडक्यात हरला, पण हरला. मी घरी येऊन दारात उभी राहून पाहत होते, कोण कोण येतं, कोण वाटेतूनच घरी वळतं. सगळे आले. ओट्यावर दाटीवाटीनं बसले. कोणी म्हणालं, “दादा खेळले असते तर...”

“तर लवकर हरलो असतो,” भाऊजी म्हणाले, “आणि जेवायला वेळेवर आलो असतो.”

दुसऱ्या दिवशी हे कचेरीला निघताना पुन्हा पगडी हातात घेऊन माझ्यापाशी आले. “अगं, वहिनींना म्हण, दादांना...”

“ते ओट्यावरच आहेत,” मी म्हटलं.

यांनी माझ्याकडे पाहिलं. लग्न झाल्यापासून मी यांचं बोलणं असं मध्येच तोडलं नव्हतं. मग हे बाहेर गेले. थोड्या वेळानं दोघांचे आवाज चढले. उंचाला शेवटच्या पाटीवरच ठेवायचं की पुढे घ्यायचं, त्यावरून जुंपली होती.

जाऊबाई पिठाच्या हातांनी माझ्यामागे येऊन उभ्या राहिल्या. “भांडतायत का गं?”

“हो.”

“कोणाशी?”

“एकमेकांशीच.”

त्या आत गेल्या. मी मात्र दारातून हलले नाही. यांना कचेरीला उशीर झाला, दूध उतू गेल्याचा वास आला, तरी मी तिथेच उभी राहून दोघांचा शब्द न् शब्द ऐकत होते.