दाढेतला चौथा कॅनल

अमरावतीत दवाखाना टाकून मला तेव्हा सहा वर्षं झाली होती आणि स्वतःच्या हातावर माझा जरा जास्तच भरवसा होता. बाबा अकोल्याला असत, शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालेले. वरची दाढ ठणकायला लागली तेव्हा अकोल्यातले सगळे डॉक्टर सोडून ते एसटीने माझ्याकडे आले. लेक दातांची डॉक्टर असताना दुसऱ्यापुढे तोंड उघडायचं नाही, असं त्यांचं म्हणणं.

दाढेच्या मुळातून केसासारखी बारीक वाट जाते. तिला आम्ही कॅनल म्हणतो, नस त्यातच असते. वरच्या पहिल्या दाढेला मुळं तीन, म्हणून कॅनलही तीन, असं वाटतं. पण गालाकडच्या पुढच्या मुळात पुष्कळदा आणखी एक असतो, आणि तो शोधल्याशिवाय दिसत नाही. हे मला चांगलं ठाऊक होतं. परक्या पेशंटच्या दाढेत मी तो अर्धा अर्धा तास शोधत असे. बाबांचा जबडा थकला होता, डोळ्यांच्या कडांना पाणी आलं होतं, मला ते बघवेना. तीन कॅनल साफ करून भरले आणि दाढ बंद केली.

पंधरा दिवसांनी ते पुन्हा आले. म्हणाले, "गरम चहा घेतला का कळ येते अजून."

मी एक्सरे काढला. मुळातले दोन कॅनल त्यात एकामागे एक लपू शकतात, हे त्या दिवशी माझ्या डोक्यातच आलं नाही. "बाबा, एक्सरे साफ हाय. दुखतंय हे आता मनातून काढून टाका," मी म्हटलं. हा जन्मभर पोरांना पुरावा मागणारा माणूस, आणि पुरावा माझ्या हातात होता. त्यांनी मान डोलावली. त्यानंतर दाढेचं नाव काढलं नाही.

दिवाळीत अकोल्याला गेले तर ते एकाच बाजूने जेवत होते. मी खिडकीपाशी बसवून तोंड उघडायला लावलं. दाढच नव्हती. मला न सांगता तिथल्याच एका डॉक्टरकडून काढून आले होते. मी काही विचारायच्या आत आई एक डबी घेऊन आली. "यायनं फेकू नाई देल्ली," ती म्हणाली. बाबा खिडकीबाहेर बघत राहिले.

दाढ मी अमरावतीला आणली. रविवारी दवाखाना बंद असताना ती हळूहळू घासत गेले. थोडा थर निघाला आणि चौथ्या कॅनलचं तोंड दिसलं. कॅनल साफ करायची सुईसारखी बारीक फाईल आत घातली, ती थेट मुळाच्या टोकापर्यंत गेली. मला स्वतःची लाज वाटली. फोन करायला मी दोन दिवस लावले, हेही सांगून टाकते.

"बाबा, चौथा कॅनल होता. माझ्याकडून राहिला."

ते आता रागावतील किंवा जाऊ दे म्हणतील, या दोन्हींची मी तयारी केली होती.

"म्हणजे," ते सावकाश म्हणाले, "मले खरंच दुखत होतं."